ऋणको दिवाळखोर आहे की नाही, हे न्यायालय कसं ठरवतं

कोल्हापुरातली गुजरी असो, शाहूपुरीतली गूळपेठ असो की उद्यमनगर, ‘त्याचं दिवाळं वाजलं’ हे वाक्य बाजारात फार लवकर फिरतं. दोन चेक परत आले, दुकान आठवडाभर बंद दिसलं, की लोक मोकळे होतात. कायद्यात मात्र या शब्दाला ठरलेला अर्थ आहे, आणि तो एकच नाही. ऋणको (देणं लागणारा) कोण आहे आणि प्रश्न कोणत्या कामासाठी विचारला जातोय, त्यावर उत्तर बदलतं. सगळ्यात मोठा गैरसमज असा, की मालमत्तेतून कर्ज वजा केलं आणि उत्तर उणे आलं की माणूस दिवाळखोर. व्यक्तीच्या बाबतीत कायदा या वजाबाकीपासून सुरुवातच करत नाही. तो आधी विचारतो, या माणसाने केलं काय?

आधी ऋणको कोण ते बघा

बिलावर ‘अमुक एंटरप्रायझेस’ किंवा ‘तमुक इंडस्ट्रीज’ असं नाव असतं. त्यावरून काहीच कळत नाही. बिलावरचा जीएसटी क्रमांक बघा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्यामुळे जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर हे पॅनचं चौथं अक्षर असतं. तिथे ‘पी’ असेल तर धंदा एकट्या व्यक्तीचा, ‘एफ’ असेल तर भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), ‘एच’ असेल तर एकत्र कुटुंब, ‘सी’ असेल तर कंपनी. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की धंद्याचं स्वरूप फुकट दिसतं. ‘एफ’ असेल तर ते नक्की बघा, कारण भागीदारी आणि एलएलपी यांचे रस्ते वेगळे आहेत.

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल, किंवा एलएलपी असेल, तर २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता लागते आणि प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे जातं. तिथली कसोटी सरळ आहे: देणं ठरलेल्या तारखेला थकलं का? थकबाकी किमान १ कोटी रुपये हवी. ही मर्यादा २४ मार्च २०२० पर्यंत १ लाख होती. मालाचे पैसे थकले असतील तर आधी मागणीची नोटीस द्यायची, दहा दिवस थांबायचं. नोटीस मिळण्याआधीच मालाच्या दर्जाबद्दल किंवा हिशेबाबद्दल खरा वाद चालू होता असं कंपनीने दाखवलं, तर अर्ज तिथेच संपतो. म्हणून कास्टिंग नाकारल्याची पत्रं, डेबिट नोटा या गोष्टी आधी तपासा.

अशा कंपनीच्या कर्जाला संचालक स्वतः जामीन राहिला असेल, तर १ डिसेंबर २०१९ पासून त्या जामीनदारालाही हीच संहिता लागते. संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग आजवर एवढ्यापुरताच अमलात आला आहे.

बाकी सगळे, म्हणजे एकट्याचा धंदा करणारा, नोकरदार, शेतकरी, साधी भागीदारी, यांना कोल्हापुरात आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागतो. त्याच्या भाषेत दिवाळखोर म्हणजे ‘नादार’. संहितेत तो रद्द करण्याचं कलम आहे, पण ते अजून अमलात आलेलं नाही. अज्ञान मुलाला नादार ठरवता येत नाही. एकत्र कुटुंबालाही कुटुंब म्हणून ठरवता येत नाही, त्यातल्या सज्ञान व्यक्तीविरुद्ध जावं लागतं.

एकाच वर्कशॉपचा हिशेब, दोन उत्तरं

समजा, उद्यमनगरात एकट्या मालकाचं लेथचं वर्कशॉप आहे. गाळा ३८ लाखांचा, यंत्रं ९ लाखांची, येणी १२ लाख, बँकेत रोख ४० हजार. एकूण ५९ लाख ४० हजार. देणी अशी: बँकेचे २९ लाख (गाळा तारण), माल पुरवणाऱ्यांचे १४ लाख, हातउसने ३ लाख. एकूण ४६ लाख. कागदावर १३ लाख ४० हजार शिल्लक. पण पुरवठादारांचे ६ लाख मुदत उलटून गेलेत, बँकेचा ६२ हजारांचा हप्ता समोर आहे, आणि हातात फक्त ४० हजार.

१९३० च्या मालविक्री कायद्याने विचारलं तर हा माणूस आजच नादार आहे. त्या कायद्याची व्याख्या अशी, की जो धंद्याच्या नेहमीच्या ओघात देणी द्यायचं थांबला आहे किंवा देय होतील तशी देणी देऊ शकत नाही, तो नादार. इथे कोर्टाचा हुकूम लागत नाही. याचा उपयोग माल विकणाऱ्याला होतो. शाहूपुरीतून गुळाचा ट्रक गुजरातकडे निघालाय, पैसे मिळालेले नाहीत, आणि घेणाऱ्याने सगळ्यांचीच देणी थांबवल्याचं कळलं, तर माल त्याच्या ताब्यात जाण्याआधी वाटेत थांबवून परत ताब्यात घेता येतो. ट्रान्सपोर्टवाल्याला लगेच लेखी कळवा. बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) नंबर, गाडीचा नंबर, ढेपांची संख्या त्यात घाला. माल घेणाऱ्याच्या गोदामात उतरला की हा हक्क संपतो, मग तुम्ही इतर धनकोंसारखेच (येणं असलेल्यांसारखेच) एक. आधीच घेणाऱ्याने बिल्टी दुसऱ्याला विकली असेल आणि त्या माणसाने ती प्रामाणिकपणे मोबदला देऊन घेतली असेल, तरी हक्क जातो.

१९२० च्या कायद्याने विचारलं तर हाच माणूस अजून नादार नाही. त्याने ‘नादारीचं कृत्य’ केलेलं नाही आणि कुठल्या न्यायालयाने त्याला नादार घोषित केलेलं नाही. नुसतं पैसे थकवणं हे नादारीचं कृत्य नाही. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण धनकोंचे अर्ज याच ठिकाणी फसतात.

नादारीची कृत्यं कोणती

कायद्याच्या कलम ६ मध्ये ती मोजून दिली आहेत. त्या यादीबाहेरचं काही चालत नाही.

पहिला गट मालमत्ता हलवण्याचा. सगळी किंवा बहुतेक सगळी मालमत्ता धनकोंच्या भल्यासाठी तिसऱ्याच्या हवाली करणं. धनकोंना बुडवण्याच्या किंवा ताटकळत ठेवण्याच्या हेतूने मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करणं. किंवा एका धनकोला इतरांपेक्षा झुकतं माप देण्यासाठी त्याला मालमत्ता देणं. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त दिसतं ते दुसरं: बायकोच्या किंवा भावाच्या नावे बक्षीसपत्र. पुरावा दुय्यम निबंधक कार्यालयात मिळतो. इंडेक्स टू (दस्ताच्या नोंदीचा उतारा) आणि दस्ताची प्रमाणित प्रत काढा, शेतजमीन असेल तर सातबारा आणि फेरफार काढा.

इथे तारखेचा सापळा आहे. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदवता येतो, आणि नोंदला की तो सहीच्या तारखेपासून लागू धरला जातो. सही ५ जानेवारीची, नोंदणी २ एप्रिलची, असं सहज होतं. तुम्हाला कळतं एप्रिलमध्ये. पण धनकोला नादारीचा अर्ज कृत्यापासून तीन महिन्यांत करावा लागतो, आणि ते तीन महिने ५ जानेवारीपासून मोजले तर तुमच्याकडे दोन-तीनच दिवस उरतात. नोंदणीची तारीख धरून युक्तिवाद करता येईल, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

दुसरा गट तोंड लपवण्याचा: देश सोडून जाणं, घर किंवा धंद्याची जागा सोडणं, धनकोंना गाठता येऊ नये म्हणून स्वतःला कोंडून घेणं. इथे हेतू सिद्ध करावा लागतो. दुकानाला कुलूप आहे एवढं पुरत नाही. माणूस जोतिबाच्या यात्रेला गेला असेल, पंढरीच्या वारीत असेल, आजारी असेल. उपयोगी पडतं ते असं: वेगवेगळ्या तारखांना परत आलेली रजिस्टर पोस्टाची पाकिटं आणि त्यांवरचे पोस्टमनचे शेरे, बेलिफाचा अहवाल, शेजारच्या गाळेधारकाची साक्ष, रात्रीतून यंत्रं हलवल्याचे फोटो.

तिसरा गट न्यायालयाशी जोडलेला आणि सिद्ध करायला सोपा: पैशाच्या डिक्रीच्या (न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या) दरखास्तीत, म्हणजे बजावणीच्या कामात, मालमत्ता विकली जाणं, अशा डिक्रीपायी तुरुंगात जाणं, किंवा ऋणकोने स्वतःच नादारीचा अर्ज करणं. यात हेतूचा प्रश्नच येत नाही. मात्र नुसती जप्ती पुरत नाही, विक्री व्हायला हवी.

उरतं एक कृत्य, ज्यावर सगळ्यात जास्त वाद होतो: देणी थांबवली आहेत किंवा थांबवणार आहोत, असं धनकोला कळवणं. ‘सध्या जमत नाही, दिवाळीनंतर बघू’ हा व्हॉट्सअॅपवरचा निरोप म्हणजे मुदत मागणं आहे. ‘आता कुणालाच काही देता येणार नाही, वकिलाशी बोला, जे आहे ते सगळ्यांनी वाटून घ्या’ हा निरोप म्हणजे देणी थांबवल्याची सूचना आहे. फरक असा, की पहिला तुमच्याबद्दल बोलतो, दुसरा सगळ्या धनकोंबद्दल. निरोप मोबाइलवर असेल तर नुसता स्क्रीनशॉट देऊ नका. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ निरोप फोनमध्ये जपून ठेवावा लागतो.

हातात डिक्री असेल तर

१९७८ च्या दुरुस्तीने धनकोला एक स्वच्छ रस्ता दिला: नादारीची नोटीस. माझ्या मते डिक्री असलेल्याने हेतू शोधत बसण्यापेक्षा याच रस्त्याने जावं. डिक्री पैशाची हवी, अंतिम झालेली हवी, आणि तिच्या बजावणीला स्थगिती नसावी. नोटीस ठरलेल्या नमुन्यात, ठरलेल्या पद्धतीने बजवायची. डिक्रीखाली किती रक्कम येणं आहे, ती भरा किंवा तारण द्या, आणि न केल्यास काय होईल, हे सगळं तीत हवं. मुदत बजावल्यापासून किमान एक महिन्याची. ती मुदत न पाळणं हेच नादारीचं कृत्य.

रक्कम चुकून जास्त लिहिली गेली तर तेवढ्यावरून नोटीस रद्द होत नाही. पण ऋणकोने मुदतीच्या आत रकमेला हरकत घेतली, तर ती चूक भोवते. म्हणून व्याज डिक्रीतल्या दरानेच, दिवस मोजून काढा. ऋणकोला नोटीस रद्द करून घ्यायची असेल तर त्यानेही त्याच मुदतीत अर्ज करायचा. डिक्रीएवढा किंवा त्याहून मोठा उलट दावा असणं हे त्यातलं एक कारण.

लवादाचा निवाडा हातात असलेल्यांनी थांबावं. निवाडा डिक्रीसारखा बजावता येतो खरा, पण नादारीच्या नोटिशीसाठी तो डिक्री नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मुंबईतल्या एका प्रकरणात ठरवलं आहे. ते प्रकरण १९०९ च्या मुंबई-कोलकात्यासाठीच्या नादारी कायद्याखालचं असलं, तरी तर्क इथेही लागतो.

धनकोने अर्ज करताना

तीन गोष्टी जुळायला हव्यात. देणं किमान ५०० रुपयांचं हवं. एकट्याचं नसेल तर अनेक धनकोंचं मिळून चालतं. १९२० चा आकडा आहे, आज तो अडसरच राहिलेला नाही. देणं निश्चित रकमेचं हवं, आता किंवा पुढच्या ठरलेल्या तारखेला द्यायचं. खराब मालाची नुकसानभरपाई ही जोवर कोर्टाने ठरवलेली नाही तोवर निश्चित रक्कम नाही. आणि नादारीचं कृत्य अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत घडलेलं हवं.

देणं कायद्याने वसूल होण्यासारखं आहे का, तेही तपासा. हातउसन्याला तीन वर्षं होऊन गेली आणि मधे मुदतीत लेखी कबुली किंवा सहीनिशी काही भरणा नाही, तर ते धरू नका. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली डिक्रीच मिळत नाही, त्यामुळे त्याचाही आधार कच्चा.

तारण घेतलेल्या धनकोसाठी वेगळी अट आहे. नादार घोषित झाल्यास तारण सगळ्या धनकोंसाठी सोडायला तयार आहे असं लिहा, किंवा तारणाची किंमत सांगा. दुसरा पर्याय घेतला तर उरलेल्या रकमेपुरतेच तुम्ही अर्जदार. वरच्या उदाहरणात बँकेचं कर्ज २९ लाख आणि गाळा ३८ लाखांचा, म्हणजे उरत काहीच नाही. अशा बँकेने हा अर्ज करण्यात अर्थ नाही.

अर्ज ऋणको जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात जातो. शासनाने दुय्यम न्यायालयाला अधिकार दिले असतील तर तिथे. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात फाइलिंगला जाण्याआधी वकिलामार्फत हे पक्कं करा. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज परत येईपर्यंत तीन महिने उलटतात. एकदा दाखल केलेला अर्ज न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागेही घेता येत नाही. तो फक्त वसुलीचा दबाव म्हणून, खोडसाळपणे केला असं दिसलं तर ऋणकोला १,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यायला लावता येते. रक्कम छोटी आहे, पण अशा आदेशाची नोंद पुढच्या दाव्यात नडते.

ऋणकोने स्वतः अर्ज करताना

इथे कसोटी वेगळी आहे. ‘मी देणी देऊ शकत नाही’ हे मुख्य म्हणणं, आणि त्याच्या जोडीला पुढच्या तीनपैकी एक: देणी किमान ५०० रुपये, किंवा पैशाच्या डिक्रीपायी अटक, किंवा अशा डिक्रीखाली चालू असलेली जप्ती. असमर्थता पुरती सिद्ध करावी लागत नाही. तसं मानायला सकृतदर्शनी आधार आहे एवढं दाखवलं की पुरे. हे कलम ऋणकोच्या बाजूने मुद्दाम सैल ठेवलं आहे, आणि ते योग्यच आहे. खरंच बुडालेल्या माणसाला न्यायालयाचं दार बंद राहू नये.

सैल असलं तरी कागद पक्के हवेत. प्रत्येक धनकोचं नाव, पत्ता, रक्कम लिहा. भिशी आणि नातेवाइकांचे हातउसनेसुद्धा. जे लपवलं जातं ते सुनावणीत नेमकं तोच धनको येऊन सांगतो. सगळी मालमत्ता, तिची किंमत आणि ती कुठे आहे ते लिहा. ती न्यायालयाच्या हवाली करायची तयारी लिहा. याआधी असा अर्ज केला होता का, त्याचं काय झालं, तेही. रोजकीर्द, खतावणी, बँकेची पानं, जीएसटी विवरणं तयार ठेवा, कारण अर्ज दाखल करून घेतला की हिशेबाच्या वह्या हजर करायच्याच असतात. ऋणकोचा स्वतःचा अर्ज असेल तर न्यायालय सहसा लगेच तात्पुरता रिसिव्हर, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेणारा माणूस, नेमतं.

घरातलं सगळं जाईल ही भीती मात्र खरी नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याची औतं, बैल, बियाणं, भविष्य निर्वाह निधी, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे जप्तीबाहेर असतं, म्हणून रिसिव्हरकडेही जात नाही. चेक न वटल्याचा फौजदारी खटला मात्र नादारीने थांबत नाही.

सुनावणीत न्यायाधीश काय बघतात

धनकोच्या अर्जात तीन प्रश्न: अर्ज करण्याचा हक्क आहे का, ऋणकोला नोटीस बजावली गेली का, आणि सांगितलेलं कृत्य खरंच घडलं का. तिन्ही सिद्ध झाली तरी ऋणकोकडे बचाव उरतो. ‘मी देणी देऊ शकतो’ हे त्याने न्यायालयाला पटवून दिलं तर अर्ज फेटाळला जातो. ताळेबंदाची वजाबाकी इथे कामाला येते, ऋणकोच्या बचावात.

पण न्यायालय विकता येण्याजोगी किंमत बघतं. आपल्या वर्कशॉपच्या १२ लाखांच्या येण्यांपैकी ४ लाख तीन वर्षांहून जुनी आणि कबुलीशिवायची असतील तर ती गेली. राहिले ५५ लाख ४० हजार. गाळा घाईत विकावा लागला आणि ३८ ऐवजी ३० लाखच आले, तर ४७ लाख ४० हजार, म्हणजे देण्यांपेक्षा जेमतेम १ लाख ४० हजार जास्त. व्याज धावतंच आहे. म्हणून ऋणकोने मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाचा अहवाल, येणी देणाऱ्यांच्या लेखी कबुल्या आणि गाळ्याला गिऱ्हाईक असेल तर त्याचा लेखी प्रस्ताव आणावा. ‘गावाकडे जमीन आहे’ एवढं बोलून भागत नाही. तिच्यावर सोसायटीचा बोजा आहे का, ते सातबाऱ्याच्या इतर हक्कात दिसतं.

अर्जदार धनकोला परस्पर पैसे देऊन सुटता येईल असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. एकदा घडलेलं नादारीचं कृत्य नंतरच्या घटनांनी पुसलं जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. शिवाय त्या एकाला दिलेले पैसे इतरांवर अन्याय म्हणून परत मागवले जाऊ शकतात.

नादार घोषित केल्यावर आदेश अर्ज दाखल झालेल्या तारखेपासून लागू धरला जातो. मधल्या काळात विकलेली यंत्रं त्यामुळेच अडचणीत येतात. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत दिलेलं बक्षीसपत्र रिसिव्हर रद्द करून घेऊ शकतो. आदेशात ऋणमुक्तीचा अर्ज कधीपर्यंत करायचा ती मुदत दिलेली असते. ती चुकवली तर घोषणाच रद्द होऊ शकते आणि धनकोंचे हात पुन्हा मोकळे होतात.

आदेश मान्य नसेल तर दुय्यम न्यायालयाच्या आदेशावर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात, आणि जिल्हा न्यायालयाच्या आदेशावर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील होतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे, त्यामुळे या अपिलासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. निकालाची प्रमाणित प्रत मिळवण्याचा अर्ज मात्र निकालाच्या दिवशीच करून ठेवा.